हवामानबदलाची गोष्ट सांगणे इतके अवघड का असते?

सांगलीच्या गावभागात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत माझ्या परिचयातले एक घर आहे. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर खिळ्याने कोरलेल्या तीन रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेशेजारी साल लिहिलेले आहे. सर्वांत खाली २००५, तिच्या थोडी वर २०२१ आणि त्या दोन्हींच्या बरीच वर २०१९. घरातली सात वर्षांची नात अधूनमधून त्या भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि आपण कोणत्या पुराएवढ्या झालो, असे आजोबांना विचारते. ती अजून एकाही रेघेपर्यंत पोचलेली नाही. पाणी किती चढले ते त्या भिंतीवर अचूक नोंदलेले आहे. परंतु ते का चढले, पुन्हा चढेल का, आणि या वर्षांत घरातल्या माणसांचे नदीशी असलेले नाते कसे बदलले, हे भिंतीवरून कळत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती, हे आकडे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. आकडे पाठ असूनही त्यांची गोष्ट मात्र आपल्याला नीट सांगता येत नाही.

ही गोष्ट सांगू पाहणारे कथा-कादंबरीचे एक दालन गेल्या काही दशकांत जगभर वाढले आहे. इंग्रजीत त्याला ‘क्लायमेट फिक्शन’ म्हणतात. डॅन ब्लूम या पत्रकाराने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘साय-फाय’च्या चालीवर ‘क्लाय-फाय’ हे त्याचे छोटे नाव रूढ केले. मराठीत सोयीसाठी आपण त्याला हवामानकथा म्हणू. कोणती कथा या दालनात बसते आणि कोणती नाही, हे ओळखण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. कथेतला पाऊस, ऊन किंवा नदी काढून टाकली आणि तरीही कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर तिथे निसर्ग फक्त पडद्यावर रंगवलेला आहे. पावसात भिजणाऱ्या प्रेमिकांची कथा थंडीतही घडू शकते. ज्या कथेत पावसाचे वागणे बदलल्यामुळेच माणसांना वेगळे निर्णय घ्यावे लागतात, नाती ताणली जातात, गाव सोडावे लागते किंवा गावाला चिकटून राहावे लागते, ती या दालनातली कथा होय.

येथे हवा आणि हवामान यांतला फरक लक्षात घेतला पाहिजे, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. आज दुपारी तासगावात काय घडले ती हवा. तासगावात साधारण तीस वर्षांत सरासरीने काय घडत आले ते हवामान. हवा अंगावर येते. हवामान मात्र नोंदवहीतून आणि आकडेमोडीतूनच दिसते. कादंबरीचे माप माणसाच्या आयुष्याचे असते, एखाद्या कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांचे असते, आणि तिला दाखवायचे असते ते मात्र कोणीही डोळ्यांनी पाहिलेले नसते. सरासरीला चेहरा कसा द्यायचा, हा हवामानकथा लिहिणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न कारण आणि परिणाम यांच्यामधल्या लांब अंतराचा आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख कणांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० कण होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू हवेत सोडला की त्याचा काही भाग शेकडो वर्षे तिथेच राहतो. मिरज जंक्शनवर शंभर वर्षांपूर्वी कोळशाच्या इंजिनांनी सोडलेल्या धुराचा काही अंश आजही आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे, आणि तो एकट्या मिरजेवर नाही, सगळ्या जगावर पसरलेला आहे. त्या इंजिनात कोळसा लोटणाऱ्या माणसाने कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. तो आपले काम करत होता. रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार सापडतो, ग्रामीण कादंबरीत सावकार किंवा पाटील असतो, आणि वाचकाला आपला राग कोणावर तरी ठेवता येतो. इथे दोष विभागला गेला आहे, तोही इतका असमान की ज्यांनी धूर सर्वांत कमी सोडला त्यांना झळ आधी लागते.

सांगलीचा २०१९ चा पूर घेऊन पाहिला, तर हा गुंता अधिक स्पष्ट होतो. कृष्णा आणि कोयना यांच्या पाणलोटात थोड्या दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस, भरत आलेली धरणे आणि त्यांतून करावा लागलेला विसर्ग, नदीच्या पूररेषेत वर्षानुवर्षे झालेली बांधकामे, खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याविषयी चालत आलेला वाद, अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. यांत हवामानबदलाचा वाटा कुठे बसतो? शास्त्र असे सांगते की हवा एक अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते, आणि म्हणून पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात जास्त कोसळण्याची शक्यता वाढते. मात्र ‘हा पूर हवामानबदलानेच आणला’ असे एका वाक्यात सांगणे बरोबर नाही. नदीची नेहमीचीच पातळी हात-दीड हात वर आली आहे असे समजा. पूर पूर्वीही येतच होते. पण जे पाणी पूर्वी अंगणात येऊन थांबले असते, ते आता उंबरठा ओलांडून आत येते. उंबरठ्याच्या आत आलेले कोणते पाणी जुने आणि कोणते नवे, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. चांगली हवामानकथा ही अनिश्चितता टाळत नाही. पात्रांना त्या अनिश्चिततेतच जगायला लावते, आणि माझ्या मते तिथेच ती वर्तमानपत्राच्या बातमीपेक्षा अधिक प्रामाणिक ठरते.

तिसरी अडचण कादंबरी या प्रकाराच्या घडणीतच आहे. अमिताव घोष यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात ती नेमकी मांडली. मार्च १९७८ मध्ये दिल्लीत अचानक टोर्नेडो, म्हणजे वादळी वाऱ्याचा भोवरा, आला आणि तरुण घोष त्याच्या वाटेतच सापडले होते. पुढे आयुष्यभर कादंबऱ्या लिहूनही तो प्रसंग त्यांना कोणत्याही कादंबरीत घालता आला नाही, कारण वाचकाला तो ओढूनताणून आणलेला योगायोग वाटेल अशी त्यांना धास्ती होती. आधुनिक कादंबरी रोजच्या, शक्यतेच्या कोटीतल्या जगण्यावर उभी राहिली. आकाश फाटणे, समुद्र आत येणे या गोष्टी तिने पुराणांकडे आणि अद्भुतकथांकडे सोपवल्या. आता तर ज्या घटना अशक्य म्हणून बाजूला ठेवल्या होत्या त्याच वरचेवर घडू लागल्या आहेत, आणि कादंबरीची भाषा त्यांना सामावून घ्यायला अपुरी पडते आहे. घोष यांनी स्वतः २०१९ च्या ‘गन आयलंड’ या कादंबरीत यातून वाट काढण्यासाठी मनसादेवी आणि व्यापारी यांच्या बंगाली लोककथेचा आधार घेतला. लोककथेला अशक्याचे वावडे नसते. ज्या भाषेत ओव्या, भारुडे आणि देवीच्या कहाण्या अजून जिवंत आहेत, त्या भाषेतल्या लेखकाने हा मार्ग आवर्जून पाहावा असे मला वाटते.

लेखकांनी शोधलेल्या वाटांपैकी सर्वांत जुनी वाट भविष्यात उडी मारण्याची आहे. जे. जी. बॅलार्ड यांच्या १९६२ च्या ‘द ड्राउंड वर्ल्ड’मध्ये लंडन उष्ण दलदलीखाली बुडालेले आहे, मात्र तिथे कारण माणूस नसून सूर्याचे वाढलेले प्रारण आहे, म्हणून आजच्या अर्थाने ती हवामानबदलाची कथा म्हणता येत नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांनी १९९३ साली ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ लिहिली आणि तिची सुरुवात २०२४ या सालात ठेवली. कॅलिफोर्नियातली एक मुलगी रोजनिशी लिहिते. बाहेर आगी लागलेल्या आहेत, वस्त्यांनी स्वतःभोवती भिंती उभारल्या आहेत आणि पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालेले आहे. आटपाडी किंवा जत तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या वाचकाला हा तपशील भविष्यातला वाटणार नाही. एका ठिकाणचे भविष्य दुसऱ्या ठिकाणचे वर्तमान असते, ही जाणीव अशा कादंबऱ्या आपल्याकडे वाचताना सतत होते.

दुसरी वाट शरीराची आहे, आणि ती किम स्टॅन्ले रॉबिन्सन यांच्या २०२० च्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’मध्ये अतिशय परिणामकारकपणे वापरलेली आहे. कादंबरी उत्तर प्रदेशातल्या एका गावात सुरू होते. उष्णतेची लाट आलेली आहे, वीज गेलेली आहे, माणसे गारव्यासाठी तळ्यात उतरतात आणि तळ्याचे पाणीच अंगापेक्षा गरम असते. हा प्रसंग समजण्यासाठी ‘वेट-बल्ब तापमान’ ही संकल्पना माहीत हवी. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून जे तापमान मोजतात ते हे तापमान. आपला माठ याच तत्त्वावर चालतो. माणदेशातल्या कोरड्या उन्हात माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाऱ्यावर उडून जाते आणि आतले पाणी गार होते. कोकणातल्या दमट हवेत तोच माठ ठेवला तर बाहेरचे पाणी उडत नाही आणि आतले पाणी फारसे गार होत नाही. माणसाचे शरीर घामाच्या आधाराने असेच गार राहते. वेट-बल्ब तापमान ३५ अंशांपर्यंत गेले की घाम येऊनही उपयोग होत नाही, आणि सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो; वृद्ध, लहान मुले आणि उन्हात राबणारी माणसे तर त्याच्या आधीच संकटात येतात. रॉबिन्सन यांच्या कादंबरीत त्या लाटेत दोन कोटी माणसे मरतात. हा आकडा काल्पनिक आहे, त्यामागचे शरीरशास्त्र मात्र खरे आहे. ती पहिली काही पाने वाचल्यावर ३५ हा आकडा पुन्हा नुसता आकडा राहत नाही.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटते ती तिसरी वाट. एखादी लहान, सुंदर पण अवेळी घडलेली गोष्ट घ्यायची आणि तिच्याभोवती माणसे उभी करायची. बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या २०१२ च्या ‘फ्लाइट बिहेव्हिअर’मध्ये मेक्सिकोत हिवाळा काढणारी मोनार्क फुलपाखरे एका वर्षी अमेरिकेतल्या डोंगराळ गावात उतरतात. सगळा डोंगर केशरी दिसू लागतो. गावकऱ्यांना तो देवाचा कौल वाटतो. नंतर आलेला शास्त्रज्ञ सांगतो की फुलपाखरांची वाट चुकली आहे आणि हे सौंदर्य म्हणजे एका आजाराचे लक्षण आहे. शेतकरी कुटुंबातली नायिका या दोन समजुतींच्या मध्ये उभी आहे, आणि कोणतीच बाजू तिला पूर्ण मूर्ख वाटत नाही.

असे अवेळी घडणे आपल्या भागात शोधायला लांब जावे लागत नाही. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण इथल्या शाळूच्या शेतकऱ्याच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहे. स्वाती नक्षत्राचा पाऊस ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस येतो. रब्बीच्या ज्वारीला ती ओल खरोखरच मोत्यांच्या मोलाची असते. आता तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात त्याच शिवारात द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बागेत घड दिसू लागतात, फुलोरा येतो, आणि त्याच वेळी ढग दाटून पाऊस लागला की पानांच्या मागे डाऊनीची पांढरी बुरशी धरते आणि घड कुजू लागतात. रात्री अकरा वाजता डोक्याला विजेरी बांधून ट्रॅक्टरच्या मागे ब्लोअर लावून फवारणी करणारा शेतकरी मी पाहिला आहे. पहाटेपर्यंत औषध वाळले नाही आणि पुन्हा सर आली, तर ती फवारणी वाया जाते. ज्याच्या आजोबांनी स्वातीच्या सरीला हात जोडले, तो नातू त्याच सरीला घाबरतो. यात पावसाचे बदललेले वागणे किती आणि आपण बदललेले पीक किती, हा प्रश्न कादंबरीच्याच तोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर टक्केवारीत सांगून संपत नाही.

फवारणीचा विषय निघाला म्हणून एक आठवण करून देणे आवश्यक आहे. पर्यावरणविषयक लेखनातले सर्वांत प्रभावी पुस्तक, रेचल कार्सन यांचे १९६२ चे ‘सायलेंट स्प्रिंग’, हे कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचे शास्त्रीय लेखन आहे. तरीही त्याचे पहिले प्रकरण एका कल्पित गावाची गोष्ट आहे. त्या गावात वसंत येतो, पण पक्षी गात नाहीत. गोष्ट संपताना लेखिका स्पष्ट सांगते की असे गाव प्रत्यक्षात नाही, परंतु यातली प्रत्येक आपत्ती कुठे ना कुठे घडलेली आहे. पुराव्याने भरलेल्या ग्रंथाचे दार उघडण्यासाठी एका अभ्यासू शास्त्रज्ञाला गोष्टच हवीशी वाटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मराठीत हवामानकथा नाहीत, असे म्हणणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या एका विज्ञानकथेत मुंबईत बर्फ पडतो. तिथे संकट हिमयुगाचे आहे, तापमानवाढीचे नाही, पण ओळखीच्या शहरात अनोळखी हवामान आणून वाचकाला हलवण्याची रीत तीच आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ या १९७१ च्या कादंबरीत मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि गड्याच्या सोबतीची गुरेढोरे एकेक करून जातात. माणूस, जनावर आणि जमीन यांच्यामधला सांधा कसा निखळतो हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी मराठी कादंबरी मला माहीत नाही. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणाने उठवलेल्या माणसांची आहे.

‘बनगरवाडी’ या कादंबरीपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. व्यंकटेश माडगूळकर हे आजच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळ्याचे. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत माणदेशातल्या एका धनगरवाडीवर तरुण शिक्षक येतो, शाळा चालू होते, तालीम बांधली जाते, वाडी हळूहळू त्याला आपला मानते, आणि मग पाऊस येत नाही. मेंढरे मरू लागतात, माणसे उरलेली जित्राबे घेऊन बाहेर पडतात आणि वाडी ओस होते. आमच्या कसोटीवर ही कथा पूर्ण उतरते. पाऊस काढला तर शेवट उरत नाही. तरीही मी तिला हवामानबदलाची कादंबरी म्हणणार नाही. माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या म्हसवड-आटपाडीकडे त्याचा दहावा हिस्साही जेमतेम पोचतो. तिथला दुष्काळ जुना आहे, लोकांना तो ओळखता येतो आणि त्याला तोंड देण्याच्या रीती, म्हणजे मेंढरे घेऊन जगायला जाणे आणि पाऊस झाल्यावर परतणे, त्यांच्या हाडीमासी आहेत. हवामानबदलाच्या कथेत या रीतीच चुकू लागतात. मृगाला पेरावे की थांबावे हे म्हाताऱ्यांना सांगता येत नाही, आणि त्यांच्या शब्दाचे घरातले वजन कमी होते. दुष्काळाच्या गोष्टीत पाणी आटते, या नव्या गोष्टीत अनुभवाचा भरवसा आटतो. म्हणूनच जुनी कादंबरी आधी वाचलेली असली की नव्या कादंबरीत काय बिघडले आहे ते लवकर कळते.

अशा लेखनाने माणसे बदलतात का, असे मला वाचनकट्ट्यावर नेहमी विचारले जाते. एका पुस्तकाने कोणाचे जगणे पालटते असा माझा दावा नाही. सगळे बुडाले, सगळे जळाले अशा कथा ओळीने वाचल्या तर वाचक सुन्न होतो आणि पुस्तक मिटून ठेवतो, हेही मी पाहिले आहे. म्हणून नव्याने वाचू इच्छिणाऱ्यांना मी जगबुडीची कादंबरी आधी देत नाही. एखादे घर, एखादी बाग, एखादे तळे यांच्यापुरती राहिलेली गोष्ट आधी देतो. वाचताना पात्राला काय ठाऊक आहे आणि वाचकाला काय ठाऊक आहे, यांतला फरक पाहत राहा, एवढेच सांगतो. या प्रकारातली बरीचशी कला त्या फरकात असते.

एक कादंबरी मात्र मला अजून मराठीत वाचायला मिळालेली नाही आणि तिची सामग्री आपल्या जिल्ह्यात तयार आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरकडे निघाली. तिला दहा टँकर होते आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. तहानलेल्या शहराला कृष्णेचे पाणी रुळांवरून गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्टमध्ये, त्याच नदीने सांगली वेढली आणि सगळीकडे पाणी असताना पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या बोटीतून वाटाव्या लागल्या. मिरजेच्या यार्डात रात्रपाळीला टँकरचे झाकण लावणारा आणि तीन वर्षांनी आपल्याच घराच्या माळवदावर बसून बोटीची वाट पाहणारा माणूस एकच असू शकतो. त्याची बहीण जतला दिलेली असेल, आणि त्या ऑगस्टातही तिच्या गावात टँकर येत असेल. ती फोनवर भावाला विचारत असेल, पाणी उतरले का, आणि तो तिला विचारत असेल, पाणी आले का.